दाखल्यावरची सही

"या खेपेला नापास झालास, तर गुमान सिन्नरला मामाच्या दुकानात बसायचं," असं वडिलांनी बजावलं होतं. म्हणून समर्थ सीएच्या पेपरला जीव तोडून बसला. प्रश्न आला: 'आर्टिकलशिपला (सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला) एकही दिवस न आलेल्या मुलाला सीएने तीन वर्षांचा दाखला दिला. मत मांडा.' समर्थने चार पानं भरून आग ओकली. असल्या चोरांनीच पेशाची अब्रू घालवली, दोघांनाही हाकला, असं ठणकावून लिहिलं.

पठ्ठ्या पास झाला. त्याच्या स्वतःच्या दाखल्यावर ज्यांची सही होती, त्या सरांच्या कॉलेज रोडवरच्या ऑफिसात पेढे घेऊन गेला, वाकून पाया पडला.

सरांनी पेढा तोंडात टाकला.

"शाब्बास, बाळा. आर्टिकलशिप कोणाकडे केलीस?"