चेअरमनचा पासवर्ड

राखीव जागेमुळं आक्काताई दूध संघाची चेअरमन झाली खरी, पण खुर्चीत नवराच बसायचा. टेबलावर त्याच्याच नावाची इंग्रजी पाटी होती, आणि बायकोची सहीसुद्धा तोच ठोकायचा. नव्व्याण्णव साली मात्र संघाचा कारभार सर्व्हरवर चढला. सांगलीहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्या महेंद्रनं ज्याला त्याला वेगळा पासवर्ड दिला. मंजुरी फक्त चेअरमनच्या पासवर्डनं.

"आक्काताई, जीव गेला तरी तोंडातनं काढणार नाही, असा शब्द टाका," तो म्हणाला. तिनं एकदा टेबलाकडं, एकदा बटणांकडं बघत एकेक अक्षर हुडकून टाकलं.

आज नवऱ्याला आपल्या भावाकडच्या पेंडीच्या खरेदीला मंजुरी द्यायची होती. तीच बुरशी लागलेली पेंड खाऊन मागल्या महिन्यात गावातल्या म्हशी आडव्या झाल्या होत्या.

"पासवर्ड सांग."

"न्हाई."

"नवऱ्यापासनं लपवतीस व्हय गं? कुणी शिकवलं तुला ह्ये?"

"तुमच्या आईनं." आक्काताई म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यो शब्द तोंडातनं निघाला, तर थोबाडीत मारली मला. तवापासनं कवा घेतला न्हाई. आज बी घेणार न्हाई."

"आईला काय कळतंय कॉम्प्युटरमधलं?" त्यानं टेबलावर मूठ आपटली. त्याच्या नावाची पाटी खाली पडली.

आक्काताईनं ती उचलली, पदरानं पुसली आणि अक्षरं त्याच्याकडं करून त्याच्यासमोर ठेवली.