मुखरूची साक्ष

"माझं नका ऐकू. याचं ऐका. हा तर तुमच्याच गावचा आहे, यानंच घरोघर भिंतींवर डासांची दवा मारली," असं म्हणून इन्स्पेक्टरनं मुखरूकडे बोट दाखवलं, आणि चावडीपुढच्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

चार दिवसांमागे मुखरूनं आपली चार वर्षांची चंदा नाल्याकाठी पुरली होती. हिवतापानं गेली. गावाला ते माहीत होतं. सकाळीच चांद्याहून आलेल्या इन्स्पेक्टरला माहीत नव्हतं. त्याच्या वहीत नुसता आकडा होता. मागच्या साली या गावात हिवतापानं अकरा लेकरं गेली, यंदा एक. हेच तो तासभर ओरडून सांगत होता. दवेची दुसरी फेरी मारू द्यायची की पंपवाल्यांना वेशीवरूनच वाटेला लावायचं, एवढंच आज ठरायचं होतं.

आकडा खरा होता. पण याच तोंडानं तो पावसाळ्यात म्हणाला होता की दवेनं मासोळीला काही होत नाही. पंप धुतले त्या बोडीच्या तळ्यात दुसऱ्या दिवशी मासोळ्या पोट वर करून तरंगल्या. मासे धरणाऱ्या ढिवरांनी टोपलीभर आणून पुढ्यात ओतल्या, तर म्हणाला, उन्हानं मेल्या. भर आखाडात उन्हानं मेल्या. शिकलेल्या माणसाला 'चुकलं' म्हणायला जीभ नसते. तिथं तो खोटं बोलला आणि इथलं त्याचं खरंही कोणी घेईना.

इस्तारी ढिवर उठला. "साहेब, तुमच्या वहीतलं ते एक लेकरू याचंच हाय. दवा मारणाऱ्याच्याच घरचं. आता बोला."

इन्स्पेक्टरचा चेहरा उतरला. त्यानं वही खाली ठेवली. मुखरूजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "भिंत सारवली होती का रे? सारवली की दवा मातीखाली जाते, मग तिचा उपयोग नाही. जे असेल ते सांग. सारं तुझ्या एका शब्दावर आहे."

सारवली होती. तीन महिने भिंतीला हात लावू नका, असं मुखरूनं दारोदार बजावलं होतं. त्याची बायको धुरपता तेव्हा धानाच्या रोवण्यासाठी माहेरी गेली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती परत आली, भिंतीवरचे पांढरे ओघळ पाहून नाक मुरडलं आणि लाल माती-शेणानं अख्खं घर सारवून काढलं. संध्याकाळी मुखरूनं पाहिलं. तिचे हात कोपरापर्यंत भरले होते आणि ती हसत होती. त्याच्यानं तिला काही बोलवेना. पुन्हा दवा मागावी तर इन्स्पेक्टर चारचौघांत आईमाई काढणार. एका घरानं काय होते, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

आता धुरपता बायकांत बसली होती. पदर दातांत धरून त्याच्याकडेच पाहत होती. सारवली म्हटलं की गाव दवा घेणार होतं, लेकरं वाचणार होती. आणि उद्यापासून पाणवठ्यावरची एकेक बाई तिला पोरगी खाणारी म्हणणार होती. ती स्वतःला म्हणेल ते वेगळंच.

"भिंत होती तशीच होती साहेब," मुखरू म्हणाला. "दवेत काही दम नाई."

कोणी टाळी वाजवली नाही. इस्तारीनंही मान खाली घातली, त्याच्या घरी दोन लहान होती. इन्स्पेक्टरनं वही मिटली. पंप बैलबंडीवर चढले. मुखरूनं आपलाही चढवून दिला.

तो घरी आला तेव्हा धुरपता चुलीपुढं बसली होती. चूल पेटली नव्हती.

"खोटं काऊन बोलले तुमी?"

तो उंबऱ्यातच टेकला.

"भिंतीले हात लावाचा नाई, हे बाजूच्या गोकुळानं मले पोळ्याच्या दिवशीच सांगितलं होतं. तुमाले राग येईन म्हणून मी बोलली नाई. आज समद्यायसमोर उठून सांगणार होती. उठतच होती, तं तुमी बोलले. मंग चार लोकायत तुमाले लबाड कशी म्हणू? बसली खाली."

पोळ्यापासून चंदाला पहिलं हिव भरेपर्यंत सतरा दिवस गेले होते. सतराही दिवस ती दोघं त्या भिंतीशी पोरीला मधे घेऊन निजली होती, आणि दोघांनीही एकमेकांचं मन राखलं होतं.