टाचा टेकवून

समजा, मुलांनो, तुम्हाला एका अरुंद पलंगावर पट्ट्यांनी बांधलंय. पलंग डोक्याकडून वर वर उचलला जातोय आणि आता तुम्ही जवळजवळ उभेच आहात. नाक खाजतंय, पण हलायचं नाही. किती वेळ, तेही कुणी सांगत नाही. जमेल?

आबांना ते जमवायचंच होतं. ते रंगारी, उंच शिडीवरचे. परवा जमिनीवरून उठताना त्यांना अंधारी आली आणि रंगाच्या बादलीसकट ते आडवे झाले. मुकादमाने बजावलं होतं, "डॉक्टरांनी हो म्हटलं तरच शिडी. नाहीतर खाली बसून ब्रश धुवा."

त्यांची नात भिंगरी पायाशी एका बुटक्या स्टुलावर बसली होती. तिला आत घेतलं होतं ते गप्प बसायच्या बोलीवर.

"पाय अजिबात हलवायचे नाहीत, आजोबा," तपासणी करणारी ताई म्हणाली. "माणूस उभा राहिला की रक्त पायांत उतरतं. मग हृदय पळायला लागतं, नसा आवळतात आणि डोक्याला रक्त पोचतं. ते तुम्हाला जमतंय का, हे मला बघायचंय. पोटऱ्या आवळल्यात, तर त्याच रक्त वर ढकलतील आणि मला खरं काही कळणार नाही."

"माझं हृदय तुझ्यापेक्षा तरुण आहे, पोरी. पंचविशीतली पोरं शिडीवर माझ्यामागे धापा टाकतात."

"टाकत असतील. पण पंचविशीतलं हृदय उभं राहिल्याबरोबर धाव घेतं. तुमच्या वयाचं आधी विचार करतं, जाऊ की नको. आणि तब्येतीचं म्हणाल, तर रोज मैलोनमैल पळणारे गडीही या पलंगावर गळपटलेले पाहिलेत मी."

"मी नाही गळपटणार. काय गं भिंगरे?"

"मुळीच नाही!" भिंगरी म्हणाली.

मग नुसती वाट पाहणं. दंडावरचा पट्टा फुगायचा, फुस्स करून सैल पडायचा. पडद्यावरचे रक्तदाबाचे आकडे बदलायचे. भिंगरी स्टुलावर पुढे सरकली, मागे सरकली, वेणी सोडली, पुन्हा घातली.

"बांधायला तुला हवं होतं," ताई म्हणाली.

आबांनी जांभई दिली. लगेच दुसरी. त्यांच्या वरच्या ओठावर घाम दिसू लागला आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. आकडे उतरायला लागले.

"गरगरतंय का?"

"छे! भूक लागलीय."

भिंगरीने स्टुलाची कड घट्ट धरली. आकडे आणखी उतरले, घुटमळले आणि मग चढू लागले. आबांच्या गालांवर रंग आला.

"अरे वा, सावरलं की!" ताई पडद्याकडे बघतच म्हणाली.

भिंगरी टाळी वाजवणार होती. तेवढ्यात पायांवरची चादर हलली. तिने वाकून पाहिलं. चादरीच्या कडेखाली आबांच्या टाचा गुपचूप उचलल्या जात होत्या, टेकत होत्या, पुन्हा उचलल्या जात होत्या. पोटऱ्या दगडासारख्या टणक झाल्या होत्या.

तिने वर पाहिलं. आबांनी डोळा मारला.

तिला हसू फुटलं. तिने ते दाबलं, पण ओठ ऐकेनात. लपाछपीत भिडूने पाठीशी घातल्यावर येतं, तसलं हसू.

"आणखी थोडा वेळ," ताई म्हणाली. "असंच राहिलं तर शिडी मिळाली म्हणून समजा."

"उद्याच चढतो," आबा म्हणाले. "पाचव्या मजल्याचा सज्जा अर्धा राहिलाय. एकट्यानेच उरकतो."

भिंगरीचं हसू मावळलं. ती उठून उभी राहिली, बसली, पुन्हा उठली. पडद्याकडे पाहिलं. ताईच्या पाठीकडे पाहिलं. सांगायला तोंड उघडलं, पण चहाडी जिभेवर येईना.

मग ती जमिनीवर गुडघे टेकून बसली. चादरीखाली हात घातले आणि आबांची दोन्ही पावलं पायाखालच्या फळीवर दाबून धरली.

आबा दचकले. "सोड गं," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "भिंगरे, सोड म्हणतो ना!"

"इथे पट्टे आहेत, आबा. शिडीवर नाहीत," ती म्हणाली. तिने सगळा भार हातांवर टाकला, आणि आकडे दिसू नयेत म्हणून डोळे गच्च मिटून घेतले.