नवारीची खाट

जितेंद्रला भर दुपारी फोन करायची भारी खोड. कॅमेरे बसवतो म्हणून काय जगाचा राखणदार झाला? रावेरचं घर विकल्यावर शेवंताबाईंनी सामान जळगावात भाड्याच्या खोलीत कुलपात ठेवलं होतं; किल्ली जितेंद्रकडे, आत त्यानंच बसवलेला कॅमेरा. “तिथं काहीतरी हलतंय, अक्का,” हेच त्याचं पालुपद. शेवटी त्या त्याच्या दुकानात बघायला गेल्या.

पडद्यावर त्यांच्या मालकांची नवारीची खाट दिसली, ते गेल्यापासून रिकामी.

तीन वाजले. नवार हळूहळू खाली दबली. केळीच्या बागेतून येऊन मालक याच वेळी आडवे व्हायचे.

“दोनदा कॅमेरा बदलला, अक्का.”

नवारीतला खड्डा दाराकडे सरकला. भिंतीकडची शेवंताबाईंची जागा मोकळी झाली.

त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

“किल्ली दे, आणि कॅमेरा काढ. नवरा-बायकोच्या खोलीत डोकावायचं नसतं, जितेंद्र.”