न उघडलेले डबे

बस चालवण्यात हयात घालवलेल्या ताईला आजाराने पार खिळखिळं केलं होतं. मोठं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलं, तेव्हा धाकट्या बहिणीने दोन दिवस राबून सूप, मऊ भात, शिजवलेल्या भाज्या असे चोवीस डबे तयार केले. प्रत्येकावर चिठ्ठी डकवून ताईचा फ्रीझर गच्च भरला आणि बजावलं, "आता गॅसपाशी फिरकायचंही नाही. गरम करायचं आणि खायचं, बस्स!"

आठवड्याने ती आली, तर ताई ओट्यापाशी स्टुलावर बसून, घामाघूम होत कांदा परतत होती. फ्रीझरमधल्या एकाही डब्याला हात लागलेला नव्हता. धाकटीचा पारा चढला.

"आवडत नसेल तर तोंडावर सांगायचं ना! मी काय हौस म्हणून राबले?"

"ओरडू नकोस गं," उलथनं न थांबवता ताई म्हणाली. "वाचण्याची शक्यता निम्मीच, असं डॉक्टर म्हणाले ना? म्हणू देत. ते डबे मी ऑपरेशन करून घरी आल्यावर खाणार आहे. आणि मीठ कमी निघालं, तर तेव्हा भांडणारही आहे."