चौथं ताट

डिस्कचं चिन्ह पडद्यावर उमटलं आणि लांगीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. शाळेतला हा लिनक्सवाला संगणक चार वर्षं कपाटात धूळ खात होता. मोडीत देण्याआधी चालतो का बघावं, म्हणून तिनं लावला. आणि चिन्हाखाली चक्क बाबांचं नाव!

बाबा चर्चमध्ये गायचे. त्यांच्या आवाजाची ही एकच डिस्क, थोरल्या बहिणीनं, एसेतानं, जिवापाड जपलेली. चार वर्षांपूर्वी लांगीनं ती गाणाऱ्या मंडळींना याच संगणकावर ऐकवायला शाळेत आणली आणि लगेच डबी परत केली. घरी डबी रिकामी निघाली. मी डिस्क काढली होती, लांगी छातीठोकपणे सांगत राहिली. तूच ढापलीस, एसेता म्हणाली. समोरासमोर घरं, पण बोलणं बंद झालं ते झालंच.

लांगीनं चिन्हावर उजवं बटण दाबलं. दोन पर्याय आले, अनमाउंट आणि इजेक्ट. त्या दिवशी तिनं पहिला निवडला होता. चिन्ह गेलं, म्हणजे डिस्क निघाली, असं बाई धरून चालली आणि डबी न उघडताच देऊन आली! संगणकानं फक्त डिस्कशी संबंध तोडला होता, डिस्क आपली आतच. आणि ही म्हणे मुलांना संगणक शिकवते! तिनं दुसरा पर्याय दाबला. डिस्क घेऊन खण बाहेर आला. ती हसलीही आणि रडलीही.

रविवारी प्रार्थनेनंतर लांगी बारीक विणीची चटई डोक्यावरून ओढून एसेताच्या अंगणात जाऊन बसली. त्यांच्या बेटावर खून-मारामारीची माफी अशी मागतात, डिस्कची कुणी मागितली नव्हती. येणारेजाणारे फिदीफिदी हसत होते. चटई घरच्यांनी उचलली तर माफी, नाहीतर बस तशीच. ऊन चढत होतं. लांगीनं डिस्क छातीशी घट्ट धरली होती. ताईनं नाहीच उचलली तर?

चटई उचलली गेली. एसेतानं डिस्क पाहिली, मग बहिणीकडे बघितलं.

"कुठं होती?"

"आतच होती गं. मीच ती बाहेर काढली नव्हती."

"शहाणीच आहेस. चल, जेवायला." एसेतानं डोळे पुसले.

आत नारळाच्या दुधातली अळूची पानं आणि भाजलेलं, फणसासारखं उलूचं फळ वाढून तयार होतं. एसेता, तिचा नवरा, मुलगी. माणसं तीन आणि ताटं चार.

"कोण पाहुणं यायचंय?" लांगीनं विचारलं.

भावजी हसले. दर रविवारी चारच असतात म्हणाले, चार वर्षं झाली.

"बोलणं बंद केलं होतं," एसेता म्हणाली. "तुझं ताट कधी बंद केलं?"