युइशुनजीचा रस्ता

“सरळ जा. सार्वजनिक न्हाणीघर लागेल, तिथून उजवीकडे वळा आणि मोठा रस्ता येईपर्यंत चालत राहा,” इसोझाकींनी त्या जोडप्याला सांगितलं.

युइशुनजी देवळाचं दार त्या वेळी जोडप्याच्या पाठीमागे वीस पावलांवर होतं.

दोघं तिशीतली होती. फोनच्या नकाशात देऊळ दिसत नाही, असं बाई संकोचून म्हणाली होती. पुरुषाने डोक्यावरची लोकरी टोपी सावरत वाकून आभार मानले. ती दोघं न्हाणीघरापाशी वळेपर्यंत इसोझाकी जागचे हलले नाहीत. मग त्यांनी हलकेच दार सरकवलं आणि ते आत शिरले.

चौतीस वर्षं त्यांनी क्योतोत शहर बस चालवली होती. शहरातली नावाजलेली देवळं त्यांनी पाहिली ती बसच्या काचेतून, आणि तीही माणसांच्या डोक्यांवरून. निवृत्त झाल्यावर ते निशिजिन या जुन्या पेठेतल्या गल्ल्यांतून पायी हिंडू लागले. बस जिथे शिरू शकत नाही अशाच गल्ल्या ते निवडत. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी हे देऊळ सापडलं. आवार चार चटयांएवढं. दगडांवर चढलेलं गर्द शेवाळ, एक वाकडा मेपल, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेला लाकडी ओटा. त्या ओट्यावर बसलं की ऊन शेवाळावरून बोटभर सरकलेलंसुद्धा कळायचं. पहिल्या दिवशी इसोझाकी तिथे दोन तास बसले आणि घरी जाताना त्यांना आपलं शहर नव्याने भेटल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून दर गुरुवारी ते इथे येत. कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. जुने सोबती विचारत, दुसरं बिऱ्हाड केलंस की काय, तर ते नुसते हसत. दोन गल्ल्या सोडून असंच एक देऊळ होतं. त्याचे फोटो फोनवर फिरले आणि एका हिवाळ्यात तिथे रांगा लागल्या, दोऱ्या बांधल्या गेल्या, ‘येथे बसू नये’ अशी पाटी आली. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तोमिएबाई भिंतीलगत पानं झाडत होत्या. देवळाच्या दिवंगत पुजाऱ्यांच्या या पत्नी, वय एक्क्याऐंशी. आज त्यांनी ठेवणीतला किमोनो नेसला होता.

“तुमचा आवाज छान खणखणीत आहे हो, इसोझाकी-सान,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “भिंतीअलीकडे शब्द न्‌ शब्द कळतो.”

क्योतोच्या बाईने असं कौतुक केलं की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय. इसोझाकींचे कान तापले. पर्यटक होते, ते पुटपुटले. आज दोन-चार आले की उद्या दोनशे येतील. इथली ही शांतता मग कुठली राहायला?

बाईंचा झाडू थांबला.

“ही शांतता तुम्हाला फार आवडते ना? मी लग्न होऊन आले तेव्हा या गल्लीत चाळीस माग होते. पहाटेपासून नुसती खटाखट. आमच्या ह्यांना सूत्रं ओरडून म्हणावी लागायची. मग एकेक माग थांबला, एकेक घर रिकामं झालं. तेव्हा कुठे ही शांतता आली.”

ज्या गोष्टीसाठी इसोझाकी दोन वर्षं जीव टाकत होते, ती या बाईंच्या घरची पोकळी होती.

मग बाईंनी विचारलं, पर्यटक किती जण होते? दोघं, त्यांनी सांगितलं, नवरा-बायको असावीत. बाईंनी झाडू भिंतीला टेकवला. मुख्य मठाने एक तरुण पुजारी आणि त्याची बायको आज देऊळ पाहायला पाठवली होती. ती दोघं राहायला तयार झाली तर देऊळ चालू राहणार होतं. नाहीतर वर्षअखेर मूर्ती मठात जाणार आणि दाराला कुलूप. दीड वाजता यायचं ठरलं होतं. आता पावणेदोन झाले होते.

त्या रागावल्या नाहीत. ओट्यावर मांडून ठेवलेल्या तीन चांगल्या कपांकडे तेवढं एकदा बघितलं.

इसोझाकी धावत सुटले. सदुसष्टाव्या वर्षी, गुडघा कुरकुरत असताना, न्हाणीघरावरून उजवीकडे. आपणच सांगितलेला रस्ता त्यांना कधी नव्हे एवढा लांब वाटला. मोठ्या रस्त्यावर, सेन्बोनच्या थांब्यावर बस उभी होती आणि ती दोघं पायरी चढत होती. त्यांनी हाक मारली. दोघं खाली उतरली, बस निघून गेली.

इसोझाकी कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले. दम लागलेला असतानाच त्यांनी सगळं सांगून टाकलं. देऊळ तुमच्या पाठीमागेच होतं. मी जाणूनबुजून चुकीचा रस्ता दाखवला. दर गुरुवारी मी तिथे बसतो. ती जागा दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. माझ्या चुकीची शिक्षा देवळातल्या बाईंना देऊ नका.

तरुणाने टोपी काढली. डोकं तुळतुळीत मुंडलेलं होतं.

“आमचा नकार खरं तर आधीच ठरला होता,” तो खिशातून एक कागद काढत सावकाश म्हणाला. “आलो ते रीत म्हणून. मठाच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, या देवळाला आपलं म्हणणारं एकही माणूस आता उरलेलं नाही.”

त्याच्या बायकोने तो कागद त्याच्या हातातून घेतला, वाचला आणि घडी घालून पिशवीत टाकला.

“मग हे काका कोण?” तिने विचारलं.